दुकानाचं नाव घेते

सौदीतल्या अल-खोबरमध्ये खवलेला ओला नारळ हवा असेल तर फिलिपिनो दुकानात जायचं, हे आमच्या इमारतीतल्या प्रत्येक मराठी बाईला आल्या आल्या कळतं. तिथल्या फ्रीझरमध्ये केळीची पानंसुद्धा मिळतात. दुकानाची मालकीण पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, केस कायम पार्लरमधून आल्यासारखे. माझं तिचं छान जमायचं, कारण रांगेत मध्येच घुसणारी माणसं आम्हा दोघींनाही सहन होत नाहीत.

एकदा माझ्यापुढे उभी असलेली फिलिपिनो नर्स फ्रीझरवरच्या फोटोकडे बघत छातीवर हात ठेवून उभी राहिली. फोटोत चमचमत्या झग्यातली, हातात माइक घेतलेली एक तरुणी होती. मी इतकी वर्षं तिला कसल्यातरी सरबताची जाहिरात समजत होते. नर्स गल्ल्यावरच्या मालकिणीकडे बघत हळूच म्हणाली, "ती हीच. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, हिचं गाणं वाजल्याशिवाय जेवण वाढत नसत."

मग काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरी पोहोचायच्या आत मी इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर कळवून टाकलं, की यंदाच्या माझ्या हळदीकुंकवाला एक जगप्रसिद्ध गायिका येऊन गाणार आहे.

आमच्या इमारतीत माझं बोलणं निम्मं करून ऐकायची पद्धत आहे. ती वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाडली. मी एकदा कॉर्निशवर, म्हणजे इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, डॉल्फिन पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा त्या गुडघेदुखी विसरून दुर्बीण घेऊन आल्या. निघाली कचऱ्याची काळी पिशवी. हलत होती, एवढंच मी आजही म्हणेन. आता काकूंनी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं, "बघू."

तो "बघू" मला भलताच झोंबला. नवरा म्हणाला, "तू तिला विचारलंस तरी का?"

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. बाईंनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. "येईन, मॅम. पण मी गात नाही आता. मी विकते."

"एखादी ओळ?"

"गाणं ऐकून लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. नारळ नेतात ते तक्रार करायला का होईना, परत येतात. मला हे आवडतं."

यातलं "येईन" एवढंच मी ग्रुपवर टाकलं. गायली नाही, तर पुढची पाच वर्षं माझं बोलणं निम्मंसुद्धा कुणी ऐकणार नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी बाई नटून आल्या. लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा गेलेल्या, सगळ्यांनाच बोलवायचं की नाही हा वाद आमच्याकडे कधीच मिटलाय, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आम्ही त्यांना हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. मग बायका एकेक करून वाण देऊ लागल्या. कुणी चहाची गाळणी दिली, कुणी स्टीलची वाटी, कुणी प्लॅस्टिकचा डबा.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी गाळणी उजेडात धरली, जाळी बोटाने दाबून पाहिली. डबा उलटा करून बुडाशी काय लिहिलंय ते वाचलं. मग वाटीवालीला विचारलं, "मॅम, कमीत कमी किती घ्याव्या लागतात?"

वाटीवाली लाजून म्हणाली, "नाही हो, एकच पुरे."

बाई माझ्या कानाशी आल्या. "एकाच इमारतीत इतक्या सप्लायर, आणि तुम्ही मला आधी सांगितलं नाहीत." पाठोपाठ पर्समधून कार्डं निघाली, सुक्या आंब्याची छोटी पाकिटं निघाली, आणि बाई प्रत्येकीला एकेक देत फिरू लागल्या. काकूंनी पाकीट कपाळाला लावून घेतलं. "बघा, कशी वाण घेऊन आली," त्या कौतुकाने म्हणाल्या. मी बाईंना समजवायला गेले, की हा माल नव्हे, ही आमची रीत आहे. "सॅम्पलची रीत. फार चांगली," त्या म्हणाल्या. मी नाद सोडला.

मग उखाणे सुरू झाले. पहिलीने घेतला,

"कॉर्निशवर सुटला वारा, मॉलमध्ये लागला सेल,
अमुकरावांचं नाव घेते, दिव्यात घालून तेल."

अमुकरावांच्या जागी अर्थातच खरं नाव होतं. सगळ्या हसल्या, आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी गायिका केव्हा गाणार? की तीही कॉर्निशवरचीच?"

माझे कान तापले. मी बाईंना उखाण्याचा अर्थ सांगितला, नवऱ्याचं नाव यमकात गुंफायचं वगैरे. त्या म्हणाल्या, "मला नवरा नाही."

मी ते काकूंना सांगितलं. काकू माझ्याशी कितीही खोचक असल्या तरी पाहुण्यांना रिकाम्या हाताने बसू देत नाहीत. म्हणाल्या, "मग ज्याच्यावर जीव आहे अशा कशाचंही नाव घे म्हणावं."

बाईंनी मांडीवरची वाटी खाली ठेवली, पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. त्यांनी त्यांच्या भाषेत एकच ओळ गायली. हळू सुरू झाली, मध्येच अशी वर चढली की माझ्या अंगावर काटा आला, आणि अलगद खाली उतरून शेवटी दुकानाच्या नावावर येऊन थांबली. त्यातलं तेवढंच आम्हाला कळलं. आतल्या खोलीतली मुलं फोन ठेवून दारात येऊन उभी राहिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

काकूंचा तिळगूळ हातातच राहिला होता. "अजून एक म्हणायला सांग ना तिला," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. बाईंनी गाळणी, डबा, वाटी नीट पिशवीत भरली आणि उठल्या.

"ते सॅम्पल होतं, मॅम. दुकानात या."

दुसऱ्या दिवशी मी काकूंना गाडीत घालून दुकानात नेलं. त्या बराच वेळ फ्रीझरपाशी आशेने उभ्या राहिल्या. बाईंनी विचारलं, "नारळ की पानं?" बाकी काही नाही. काकूंनी दोन्ही घेतलं.

परतताना सिग्नलला गाडी थांबली. काकू मांडीवरची गार पिशवी सावरत म्हणाल्या, "तू कमीच सांगितलं होतंस गं."

मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.