खोक्यातली भुणभुण

मी जात्याच संशयी. दुकानदारानं तराजू उचलला की माझी नजर आधी त्याच्या अंगठ्याकडे जाते. हा स्वभाव मला पुष्कळदा उपयोगी पडला. एकदा मात्र त्यानं माझ्याकडून जे करून घेतलं, ते आजही आठवलं की मान खाली जाते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. वर्ध्याला स्टेशनमागे आमचं तीन खोल्यांचं घर होतं आणि पुढे अंगण. घरात तिघंच. थोरला भाऊ रेल्वेत कारकून, मी कापसाच्या एका जिनिंगच्या कचेरीत, आणि वहिनी. आईवडील लवकर गेले. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माझं खाणंपिणं, शाळा, ताप सगळं तिनंच काढलं. तरी रीतीप्रमाणे ती मला भाऊजीच म्हणायची. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात हा विषय कोणी काढत नसे. गल्लीत मात्र तो रोज निघायचा.

स्टेशनावरचा एक गार्ड नोकरी सोडून परदेशी कायमचा निघाला. त्याच्याकडून मी विजेवर वाजणारी हवाइयन गिटार घेतली. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. तिच्याबरोबर आवाज मोठा करणारं एक लाकडी खोकं होतं, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेलं. पहिल्याच दिवशी खोकं चालू केलं आणि आतून भुणभुण सुरू झाली. गिटार वाजो न वाजो, भुणभुण आपली चालूच. गार्डानं मला फसवलं, ही माझी पहिली खात्री. तो तोवर बोट पकडायला मुंबईला पोचला होता.

बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं खोकं उघडून पाहिलं. म्हणाला, यात काही बिघाड नाही, याला जमिनीचा आधार पाहिजे. तांब्याचा पत्रा मीठ-कोळशात गाडायचा, त्याची तार खोक्याला जोडायची, आणि जागा अशी निवडायची की जिथं माती नेहमी ओली असेल. आमची ती काळी माती. होळी आली की तिला भेगा पडायला लागतात. ओली जागा आणायची कुठून, म्हणून मी अंगणात उभा होतो, तर वहिनी म्हणाली, "तुळशीपाशी गाडा, भाऊजी. तिथली माती कधी सुकत नाई."

संक्रांतीच्या सुमारास वृंदावनाच्या पायथ्याशी पत्रा गाडला, आणि भुणभुण गेली ती गेलीच. मी खूश झालो आणि ती तार साफ विसरून गेलो.

होळी झाली आणि दोन दिवसांनी आवाज परत आला. तीन-चार दिवस राहिला आणि आपोआप गेला. आपोआप काही होतं यावर माझा विश्वास नाही. आमच्या मागच्या बोळात पिठाची गिरणी होती, तिच्या मोटारीवर मी संशय घेतला. रामनवमीच्या सुमारास भुणभुण परत आली, तसा मी गिरणीवाल्याकडे जाऊन हुज्जत घातली. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोर त्यानं बिचाऱ्यानं माझ्यासाठी गिरणी बंद केली. मी पळत घरी आलो, तर भुणभुण चालू.

मग दुरुस्तीवाला. चांगला व्हॉल्व्ह काढून त्यानं जुना बसवला असणार, असं मी धरून चाललो. खोकं सायकलला बांधून त्याच्या दुकानात नेलं. तिथं त्याच्या जोडणीवर ते स्वच्छ वाजलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबू, इथं त बरोबर वाजून राह्यलं. घरात पाहा."

घरात पाहा, हे शब्द माझ्या डोक्यात बसले. आवाज कधी येतो त्याच्या तारखा मी गाण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागलो होतो. त्या बघताना एक गोष्ट ध्यानात आली. आवाज येतो तो नेमका वहिनी बाहेरची असते त्या चार दिवसांत. त्या दिवसांत ती मागच्या खोलीत बसायची, कशाला शिवायची नाही. मी आणि भाऊ पिठलं-भात करून खायचो आणि कामावर जायचो. म्हणजे दिवसभर घरात ती एकटी आणि रिकामी.

कारणही मला चटकन सापडलं. शेजारच्या काकू एकदा मी वाजवत असताना अंगणात येऊन हसत म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरात पोरगं रडत नाई, हे खोकं त रडते." वहिनी तेव्हा उठून आत निघून गेली. त्यानंतर मी गिटार काढली की ती तिथून उठायची. तिला त्या खोक्याचा राग असणं मला समजत होतं. पण ती माझ्या मागं त्याच्या तारा ढिल्या करते, हे मला सहन होईना. जिच्या हातचं खाऊन मोठा झालो तीच असं करते म्हणून मी आतल्या आत जळत होतो. तिला विचारायची हिंमत नव्हती आणि सोडून द्यायचा स्वभाव नव्हता.

अक्षय्य तृतीयेच्या वेळी मी पाळत ठेवली. खोक्याच्या मागच्या फळीवर काळा दोरा चिकटवला, बटणांवर चिमूटभर पीठ भुरभुरलं. संध्याकाळी येऊन बघितलं तर दोरा जागच्या जागी, पिठावर बोट उमटलेलं नाही, आणि भुणभुण चालू. शहाणा माणूस इथं थांबला असता. मी ठरवलं की वहिनी माझ्यापेक्षा हुशार आहे.

वैशाख सरताना पुन्हा त्या चार दिवसांची वेळ आली आणि आवाज आला नाही. वहिनी बाहेरही बसली नाही. ती का बसली नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला तारखांशी मतलब. मी वहीत लिहिलं, "आवाज नाही. सावध झाली." ज्येष्ठात गिटार काढली की ती स्वतःहून उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. तांदूळ निवडत ऐकायची. एकदा तर म्हणाली की ते कालचं संथ गाणं परत वाजवा. मी वाजवलं, पण मनात म्हटलं, आता गोड बोलून झाकून घेते आहे. त्या दिवसाखाली लिहिलं, "अजून नाही. नाटक चालू."

वटपौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. मी कचेरीच्या कामानं दोन रात्री आर्वीला राहिलो आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी मोटारीनं घरी आलो. भाऊ कामावर गेलेला. हातपाय न धुताच मी खोकं चालू केलं. भुणभुण आली, पूर्वीपेक्षा मोठी. मी दोनच दिवस घरात नव्हतो, तेवढ्यात हिनं साधलं, असं वाटून माझं डोकं फिरलं. मी तडक मागच्या खोलीच्या दाराशी गेलो. वहिनी भिंतीकडे तोंड करून चटईवर पडली होती आणि काकू तिच्या पायाशी बसल्या होत्या. काकूंसमोरच मी बोललो.

"वैनी, पुन्हा हात लावला ना खोक्याले?"

ती वळली नाही. भिंतीकडे बघतच म्हणाली, "नाई लावला, भाऊजी."

काकू उठल्या, मला दंडाला धरून अंगणात घेऊन आल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली होता. "चूप राहा. दीड महिन्याचं होतं. परवा गेलं. तुमच्या भावालेच म्हाईत होतं फक्त, तिनं कोनालेच सांगू देलं नाई."

काकू परत आत गेल्या. मी वृंदावनाच्या कट्ट्यावर बसलो. तुळशीची पानं माना टाकून होती, खालच्या मातीला भेग गेली होती आणि त्या भेगेतून तांब्याची तार दिसत होती. खोकं आत चालूच होतं, त्याची भुणभुण अंगणापर्यंत येत होती. तार बघितली आणि मला कळलं. तुळशीला पाणी घालायची ती एकटी. बाहेर बसली की तिनं तुळशीजवळ जायचं नाही, आणि आम्हां दोघा पुरुषांना तुळशीला पाणी लागतं हे कधी सुचलं नव्हतं. थंडीत माती ओल धरून होती, ऊन तापलं तशी ती दोन दिवसांत सुकू लागली. मी घंगाळातून तांब्याभर पाणी आणून ओतलं. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या तांब्याला आतली भुणभुण बारीक झाली आणि थांबली.

मग मी वही काढली. ज्या दिवसांत आवाज नव्हता तेच तिच्या आशेचे दिवस होते. बारा वर्षांनी आलेले. आणि माझ्या अक्षरात त्यांच्यापुढे लिहिलं होतं, सावध झाली, नाटक चालू. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

पुढे ती उठून कामाला लागली. पहिल्या दिवशी न्हाऊन तांब्या घेऊन तुळशीपाशी गेली, तर माती आधीच ओली होती. तिनं विचारलं, कोणी घातलं. मी म्हटलं, मी.

"मंग रोज घालत जा," ती म्हणाली, "मी असो का नसो."

मी रोज घातलं. खोकं पुन्हा कधी भुणभुणलं नाही. तिला मूल झालं नाही. मी तिच्यावर संशय का घेतला होता हे तिला सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात दोरा, पीठ, गिरणी, सगळ्याची नोंद आहे. तिच्या आशेच्या त्या दिवसांत वहिनी उंबऱ्यावर बसून माझं गाणं ऐकताना हसायची, तेवढं मात्र मी कुठंच लिहिलं नव्हतं.