अभिनंदनाची अर्ध्या पानाची जाहिरात

धानोरा तालुक्यात मी एका दैनिकाचा वार्ताहर आहे. आमच्याकडे बातमी देणाऱ्यालाच जाहिरातही आणावी लागते. कोणाचं काही भलं झालं की आम्ही आधी शुभेच्छुक शोधतो.

तलावात मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबातल्या मुलीची कबड्डीच्या व्यावसायिक लीगमध्ये निवड झाली. मी घरी गेलो तेव्हा ती शिबिरात होती. आई होती, आणि भिंतीवर संघाच्या जर्सीतला मुलीचा फोटो. पेपरसाठी पाहिजे, असं मी सांगितलं. आईने पदराने काच पुसली. "चांगला काढजा भाऊ. काळी दिसाले नको पोरगी."

बातमी आतल्या पानावर आली, सहा ओळी, फोटोविना. फोटो अर्ध्या पानाच्या अभिनंदनाच्या जाहिरातीत गेला. खाली शुभेच्छुक म्हणून सिमेंट-सळाखीचा दुकानदार आणि तो विकत असलेल्या सिमेंटचं चिन्ह.

मुलीने संघाची मालकी असलेल्या मुंबईच्या कंपनीशी खेळण्याचा करार केला होता. तिचं नाव आणि चेहरा जाहिरातीत वापरण्याचा हक्क त्या कंपनीचा होता, दुसऱ्या कोणाचा नाही. तिचा स्वतःचाही नाही. संघाची प्रायोजक दुसरीच एक सिमेंट कंपनी होती. दुकानदाराने जाहिरात कौतुकाने फेसबुकवर टाकली आणि नोटीस मुलीला आली. फोटो आपल्या संमतीशिवाय छापला गेला, असं वृत्तपत्राकडून लेखी आणावं. अन्यथा करार रद्द.

ती बसने आली आणि थेट माझ्या घरी. इंग्रजी नोटीस मोबाइलवर होती.

"भाऊ, एकच ओळ लिहून द्या. न विचारता छापला म्हनून."

"तुह्या मायनंच तं देल्ला."

"मायले का समजते बातमी कोनती आन् जाहिरात कोनती? तुमी सांगतलं का तिले?"

"पेपरसाठी म्हणलो होतो."

"वा! तिले वाटलं पोरगी पेपरात येते. तुमी पोरीले सिमेंटच्या बोरीवर छापलं."

मी जिल्हा कार्यालयात फोन लावला. व्यवस्थापक म्हणाले, संमतीशिवाय हा शब्द लिहायचा नाही, दावा आपल्यावर येईल. घडलं तेवढंच लिहा. मी लेटरहेडवर लिहिलं: 'सदर छायाचित्र खेळाडूच्या आईने राहत्या घरी स्वखुशीने उपलब्ध करून दिले.' खाली सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तिने दोनदा वाचलं. "हे तं माह्या मायवरच ढकललं तुमी." कागद तिथेच ठेवून ती निघून गेली.

पुढे कंपनीने वृत्तपत्राकडे थेट विचारणा केली. कार्यालयाने तोच कागद पाठवला. करार रद्द झाल्याच्या पत्रात माझं वाक्य इंग्रजीत होतं. त्या हंगामात ती एकही सामना खेळली नाही.

तिची आई आठवडी बाजारात मासे विकते. मला पाहून तिने पाटी बाजूला सरकवली.

"भाऊ, पोरगी माह्यासंग बोलत नाई. मनते, कागदावर स्वखुशीनं लिवलं हाये, तूच इकलं मले. तुमी येऊन सांगा ना तिले, मायले काई मालूम नोतं म्हनून. तुमचं आयकन ते."

येतो, म्हणालो. त्यांचं घर मोटारसायकलने वीस मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. तोंडी सांगितलेलंही कोणी पुढे लेखी मागू शकतं.