रुखवतातली बाहुली

"पोरीला फिट येते." एवढं एक वाक्य वरवंडला मुलाच्या घरी पोचलं आणि माझं जमत आलेलं लग्न मोडलं. कंपनीत लाईनवर एकदा उपाशीपोटी चक्कर आली होती, बस्स. मुलगा मला आवडला होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. वाक्य पोचवणारी होती कारेगावच्या खोलीतली माझी जोडीदारीण. पुढं त्याच मुलाशी तिचं जमलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वर तोंड करून मलाच म्हणाली, "तुझ्या हाताला कला हाय. रुखवतातली नवरी तूच कर."

केली की!

पहिली पाळी करून आलो की संध्याकाळी एका ताटात जेवत आम्ही एक मालिका बघायचो. तिच्यातली आत्या करणी करायची. काळ्या चिंधीची बाहुली, एका डोळ्यावर लाल दोऱ्याचे टाके, दुसरा सताड उघडा. ती ज्या नवरीच्या घरात शिरली, तिचा संसार नासलाच. ते बघताना जोडीदारीण माझा दंड घट्ट धरायची. मला ना मंत्र येत होता ना तंत्र, आणि गरजही नव्हती. भीती मालिकेनं तिच्यात आधीच भरून ठेवली होती, मला फक्त टाके घालायचे होते.

लग्नाच्या दिवशी सुपारीचे भटजी आणि लाडवांचं ताट यांच्या मधोमध मी तशीच बाहुली मांडली, वर जरीचा रुमाल. रुखवत बघता बघता कुणीतरी रुमाल उचलला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या बायका मागं सरकल्या. मालिका घरोघरी लागायची.

मुंडावळ्या बांधलेल्या नवरीनं मला ओढत कार्यालयामागं नेलं. काजळ गालावर ओघळलेलं.

"चुकलं माझं. मीच सांगितलं व्हतं त्यास्नी. पर ही करणी उतरवायची कशी, तेवढं सांग."

"मला काय ठाव? मालिका मधीच बंद पडली. उतारा दाखवलाच न्हाई त्यांनी."

ते खरंच होतं, आणि तिलाही ते माहीत होतं. ती मटकन खाली बसली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

लिंबू, मीठ, काहीही सांगून उतारा मी तिथल्या तिथं रचू शकले असते. तिनं डोळे मिटून केला असता आणि सुखानं नांदली असती. मी आत गेले, मूठभर अक्षता घेतल्या आणि पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले.