दादाचा स्कॅन नॉर्मल होता

स्कॅन नॉर्मल आला, आणि त्या दिवसापासून आम्ही दादाला एकटं पाडलं.

आज त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

नव्वदीचा शेवट. माझा मोठा भाऊ रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर. कारेगावात भाड्याची खोली, सुट्टीला आमच्या गावी, दौंडच्या बाजूला.

एका सकाळी ड्युटीला जाताना रस्त्यावर सांडलेल्या उसावरून त्याची मोटरसायकल घसरली. डोकं डांबरावर आपटलं.

शिरूरला तीन दिवस ॲडमिट. पुण्याला नेऊन सीटी स्कॅन.
नॉर्मल.
आमच्या वडिलांनी, आप्पांनी, गावात पेढे वाटले.

महिन्याने दादा कामावर गेला. चार महिन्यांत नोकरी सोडून घरी आला.

मशीनचा आवाज सहन व्हायचा नाही. हातात पाना घेऊन उभा राहायचा, पुढचं काय ते आठवायचं नाही. दुपारपर्यंत असा गळून जायचा की बसल्या जागी डोळे मिटायचे.

तीन माणसं एकदम बोलायला लागली की त्याला काहीच कळायचं नाही. मग पारावर जाणं बंद. लग्नकार्य बंद.
मित्र आधी घरी यायचे. मग रस्त्यावरून हात करायचे. मग तेही नाही.

टाका नाही, प्लास्टर नाही. दिसायला धडधाकट. लोक म्हणायचे, काम नको म्हणून सोंग करतोय. आप्पाही म्हणायचे.

आणि मी? दौंडला शाळेत शिक्षिका. घरातली शिकलेली.

सुट्टीत गेले की तो गोठ्यामागे एकटा बसलेला दिसायचा. एकदा चिडून म्हणाले, "दादा, रिपोर्ट नॉर्मल हाय. तुला काय पण झालेलं न्हाई."

"व्हय," म्हणाला.

त्यानंतर त्याने मला त्रासाबद्दल एक शब्द सांगितला नाही.

अशी पाच वर्षं गेली. शेवटी वहिनीच हटून बसली, तेव्हा मी त्याला पुण्यात मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं.

मॅडमनी मला गप्प केलं आणि त्याला विचारलं. तो थांबत थांबत बोलला. अर्धा तास. पाच वर्षांत मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूत निरोप नेणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना सांभाळणाऱ्याही असतात. काही त्यांचं पोषण बघतात, काही कचरा काढतात, काही निरोपाच्या तारांवर वेष्टण चढवतात. डोक्याला मार बसला की याही जखमी होतात. वेष्टण सोलवटतं, निरोप उशिरा पोचतो. कचरा काढणाऱ्या पेशी बिथरल्या तर वर्षानुवर्षं शांत होत नाहीत, चांगल्यालाही इजा करतात. आणि हे नुकसान इतकं बारीक, की साध्या स्कॅनमध्ये दिसतही नाही.

दादाने चित्रावर बोट ठेवलं.

"म्हंजी मशीन जाग्यावर हाय, पण मेंटेनन्सची माणसं जखमी हायत."

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर.

"मंग मॅडम, मी सोंग करत नव्हतो?"

"नाही. अजिबात नाही."

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडबंद करत बसले.

घरी येऊन आप्पांना सगळं समजावलं. आप्पांचा अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेंढरू जायबंदी झालं तर आमी खांद्यावर घेतो. ह्याला मातर मागं सोडून आलो."

औषध असं फारसं नव्हतंच. पण वहिनी त्याच्याशी बोलताना टीव्ही बंद करायला लागली. आप्पा रोज त्याच्याशेजारी जाऊन बसायचे, न बोलता. दादा थोडा सावरला. गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, एका वेळी एकच. नोकरी परत मिळाली नाही. मित्रही नाहीत.

पुढे काही वर्षांनी एका दुपारी हार्ट अटॅकने गेला.

त्याची माफी मागायची राहून गेली.

पुण्याहून परतताना एसटीत मागणार होते. तो डोळे मिटून, कानावर हात ठेवून बसला होता. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी माणसं होती. मग वेळ मिळाला नाही.
म्हणजे, मी काढला नाही.

आता आप्पा नाहीत. वहिनी मुलाकडे असते. आज मी एकटीच गावी जाऊन आले. घराला कुलूप होतं. पायरीवर थोडा वेळ बसले आणि निघाले.

दादा, तू खरं बोलत होतास.
मला माफ कर.
तुझ्या आठवणीला तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार.