निळ्या कव्हरमधला तानपुरा

गाणं सुरू झालं की माणसांचे चेहरे सैलावतात. आमच्या चार्जमनकाकांचा चेहरा मात्र आवळायचा. सुई रेकॉर्डवर टेकली की ते खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसत, मान पुढे काढत आणि दाराशी कुणी तार घेऊन आलं असावं तसे त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत राहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना गाणं आवडत नसावं. आवडत नाही तर लावतात कशाला, असंही मनात आलं. मी तेव्हा झाशीत नवी होते आणि पुष्कळ गोष्टींचा अर्थ उलटा लावत होते.

लग्न करून मी सांगलीहून आले ती थेट रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांत. आमचे हे रेल्वेच्या ऑफिसात कारकून. भिंतीला भिंत लागून काका आणि काकू. काका वर्कशॉपमध्ये चार्जमन होते, म्हणजे पंचवीसएक फिटर आणि लोहारांवर देखरेख करणारे, आणि अख्खी कॉलनी त्यांना हुद्द्यानेच ओळखायची. त्यांचं घराणं दोनशे वर्षांपासून झाशीतलं. पूर्वज कधीकाळी दप्तर सांभाळायला इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यामुळे दोघांच्या मराठीत मधूनच ‘फिक्र’ आणि ‘जी’ येई, आणि माझं सांगलीचं बोलणं ऐकून काकू तोंडाला पदर लावून हसत. परक्या मुलखात मराठी बोलणारं शेजारघर मिळालं, एवढ्यावरच मी खूष होते. त्या घरात अकरा रेकॉर्डी आहेत हे मला नंतर कळलं.

झाशीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना काकांची काळजी अगदीच अनाठायी वाटणार नाही. मे महिन्यात बादलीतलं पाणी हाताला चटका देतं, तिथे रेकॉर्डीचा काय पाड. काकांनी रेकॉर्डींच्या कपाटात एक थर्मामीटर टांगला होता. होळी झाली की ते कपाट मधल्या खोलीत जाई, कारण कूलर तिथे. चार दिवसांनी त्यांना शंका येई की कूलरच्या ओलीने कव्हरांना बुरशी धरेल, मग कपाट पुन्हा बाहेर. “आम्ही दोघं पंख्याखाली आणि या अकरा जणी कूलरसमोर,” काकू म्हणत. “माहेरी सांगितलं तर खरं वाटणार नाही जी कुणाला.”

माझ्या हातांचीही तपासणी व्हायची. “धुतलेस? साबणाने? मग पुसलेस कशाला? पदराला? पदराला हळद असते, सूनबाई.” मी पुन्हा धुवून यायची आणि ऑपरेशनला निघाल्यासारखे दोन्ही हात वर धरून ते वाळायची वाट बघत उभी राहायची. एवढं करूनही रेकॉर्ड कधी हातात मिळाली नाही. मिळायचं ते नुसतं कव्हर, तेही मांडीवर रुमाल पसरून.

काकांच्या तोंडी गवय्यांची नावं क्वचित येत. त्यांच्या रेकॉर्डी रंगांवरून आणि खोडींवरून ओळखल्या जात. पहिल्या वर्षी त्यांनी मला ‘पिवळी’ दिली. तिच्यात एका बाईंच्या ठुमऱ्या होत्या. “नवीन माणसाला सोसेल अशी आहे,” ते म्हणाले, पथ्याचं जेवण वाढावं तसं. मी रेडिओवरच्या गाण्यांवर वाढलेली. एकच ओळ बाई दहादा का म्हणतात, हे कळायला मला चार रविवार लागले. मग आला ‘खोकला’. एका म्हाताऱ्या बुवांच्या मैफिलीची ती रेकॉर्ड होती आणि द्रुत सुरू करण्याआधी बुवा एकदा हळूच खोकत. आधी मी त्या खोकल्याचीच वाट बघत बसे, कारण तेवढंच ओळखीचं होतं. वर्षभराने खोकला येऊन गेल्याचं माझ्या लक्षातही येईना. तिसरी ‘लाकडी’, तपकिरी कव्हरची, सरोदची. तिच्यात शब्दच नाहीत म्हणून मी कुरकुरले, तर काका म्हणाले, “शब्द नाहीत म्हणजे चुकीचा अर्थ लावायची फिक्र नाही. बैस.” तोवर माझा मुलगा चालायला लागला होता.

आणि मग ‘निळी’. एक बाई, रेकॉर्डची एक पूर्ण बाजू तोडी. काकांची ही सगळ्यांत लाडकी, म्हणून सगळ्यांत जास्त काळजीची.

“गाणं नंतर,” ते म्हणत. “आधी मागचं ऐक. मागे तानपुरा आहे. तो सापडला की बाई काय करतेय ते आपोआप कळेल.” मग प्रश्न सुरू होत. ऐकू येतो का? एक आहे की दोन? आता बाईंनी आवाज चढवला, त्यात बुडाला का? नुसतं ‘हो’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. कुठे आहे, किती आहे, सगळं सांगावं लागे. रविवारी सकाळी नऊ वाजता मला परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटायचा. चुकीचं सांगितलं तर काका काही बोलत नसत, पण त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची ती मला पुढच्या रविवारपर्यंत पुरायची. म्हणून मी कान टवकारून, जीव मुठीत धरून ऐकायला शिकले.

या धास्तीतून माझी आवड घडली, हे आज कबूल करायला हरकत नाही. जी गाणी गुणगुणत मी पोळ्या लाटायची, ती मला हळूहळू सामानाने ठासून भरलेल्या खोलीसारखी वाटू लागली. बसायला जागाच नाही. सदर बाजारात दुकानांवर मोठ्याने गाणी लागलेली असत, तिथून मी घाईने पुढे जायची. “तुला हल्ली काहीच आवडेनासं झालंय,” हे म्हणाले. खरं म्हणजे मला पहिल्यांदाच काहीतरी फार आवडायला लागलं होतं.

सहासात वर्षं अशी गेली. मग काकांचे प्रश्न वाढले. पूर्वी रेकॉर्डच्या एका बाजूला चारदोन वेळा विचारत, ते आता मिनिटामिनिटाला विचारू लागले. “आहे का अजून? नक्की?” त्यांनी सुई बदलली. दिल्लीला जाणाऱ्याकडून आणखी दोन सुया मागवल्या आणि त्याही लावून पाहिल्या. मग व्होल्टेजवर संशय आला, म्हणून वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन बोलावला. तो मशीन उघडून, पुसून, परत लावून म्हणाला, “साहब, मशीन तो एकदम ठीक है.” काकांना ते पटलं नाही. “निळी उतरत चाललीय,” ते म्हणाले. “झिजतेय.” मग ती जपायची म्हणून दर रविवारऐवजी महिन्यातून एकदाच लावायची असं ठरलं. त्या एका दिवशी ते आदल्या दिवसापासून नीट जेवत नसत.

मला काहीच उतरलेलं वाटत नव्हतं. तानपुरा पहिल्यासारखाच, बाईंच्या मागे शांत झुलत होता. पण काकांना जे कळतं ते मला कसं कळणार, असं मी धरून चालले होते.

एका रविवारी काकू मागच्या अंगणाच्या पार टोकाला कपडे वाळत घालत होत्या. बाहेर जाताना त्या काकांना म्हणाल्या होत्या, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की हाक मारा. काका स्वयंपाकघराच्या दाराशीच पेपर वाचत बसले होते. मी भाजी द्यायला म्हणून गेले, तेव्हा माझ्या घरातूनच मला शिट्ट्या ऐकू आल्या होत्या, एकामागून एक पाच. दारात पोचते तो सहावी झाली. “काका, कुकर,” मी म्हटलं. त्यांनी पेपरातून मान वर केली. “एकही नाही झाली अजून,” ते शांतपणे म्हणाले. डाळ करपल्याचा वास घरभर पसरला होता.

मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले. मागल्या दाराने काकू आल्या. त्यांनी कुकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला हाताला धरून अंगणात नेलं. त्यांना वर्षभर माहीत होतं. बारीक, उंच आवाज आधी गेले होते; कुकरची शिट्टीही गेली हे मात्र त्यांना आजच कळलं. माणसांचं बोलणं अजून येत होतं. “सांगू नकोस जी,” काकू म्हणाल्या. “घाबरट माणूस आहे. रेकॉर्ड झिजली म्हणून रडतोय, तोवर ठीक आहे. कान गेले म्हणून कळलं तर काय करील, मला सांगता येत नाही.” मी मान हलवली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई माझा हात धरून उभी होती, मी दुसरं काय करणार होते.

पुढच्या वेळी निळी लागली. काका कडेला सरकून बसले, मान पुढे काढली आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “सूनबाई, तानपुरा?”

“नाही येत, काका,” मी म्हटलं. “झिजलीय.”

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. इतक्या वर्षांत त्यांचे खांदे असे खाली आलेले मी पाहिले नव्हते. मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

तेव्हा कॉलनीत एक टूम निघाली होती. खराब झालेली रेकॉर्ड कढत पाण्यात धरायची, ती मऊ झाली की कडा वर वळवायच्या आणि वाडगा करायचा. दोनतीन घरांत टीव्हीवर तसे वाडगे मिरवत होते. त्याच संध्याकाळी काकांनी निळी काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, “कर तुझाही वाडगा. झिजलेली रेकॉर्ड घरात असली की एखाद्या दिवशी मोह होतो, आणि ती सुईचंही नुकसान करते. मी दिल्लीहून नवी आणतो.”

“राहू द्या ना काका,” मी म्हटलं. “असू दे आठवण म्हणून.”

“झिजली म्हणालीस ना तू?”

काकूंनी परातीत पाणी ओतलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. दोघींपैकी एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी ती चांगली रेकॉर्ड वाचली असती. ती आधी कडेला वाकली, मग मधोमध खचली. दुसऱ्या दिवशी त्यात लिंबं होती.

काका पास काढून तीनदा दिल्लीला गेले. तिसऱ्या खेपेला, ऐन जूनमध्ये, ते स्टेशनवरून रजई पोटाशी धरून आले. रजईच्या आत निळी होती. डब्यातले लोक हसले म्हणे, पण एवढ्या उन्हात तिला उघडी आणणं त्यांना शक्यच नव्हतं. मला बोलावणं आलं. मी हात धुतले, वाळवले, बसले. गेल्या दोन महिन्यांत हा दिवस येणार हे मला रोज दिसत होतं आणि मी त्यावर काहीच केलं नव्हतं.

नव्या कोऱ्या रेकॉर्डवर सुई टेकली. तानपुरा सुरू झाला, मग बाईंनी पहिला स्वर लावला. काका ऐकत होते. त्यांनी सुई उचलली, पुन्हा सुरुवातीला ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आहे?”

दुसऱ्यांदा खोटं बोलायचं मला जमलं नाही. “आहे, काका,” मी म्हटलं. “पहिल्यासारखाच.”

“पहिल्यासारखा म्हणजे कसा?”

“त्या रेकॉर्डमध्ये होता तसा.”

काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी मशीन बंद केलं. “म्हणजे ती चांगली होती,” ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.

त्यानंतर काकांची काळजीच संपली. हे ऐकायला बरं वाटतं, बघायला फार वाईट होतं. कपाट भर जूनमध्ये पश्चिमेच्या खिडकीशी पडून राहिलं आणि ते सरकवायला काकूंना माझ्या नवऱ्याला बोलवावं लागलं. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. मी जाऊन स्वतःच्या हाताने निळी लावली. पहिल्यांदाच ती माझ्या हातात आली आणि काकांनी माझ्या हातांकडे पाहिलंही नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांनी न विचारताच सांगायला लागले, की तानपुरा सुरू झालाय, दोन आहेत, आता बाई षड्जावर आल्या.

काकांनी हात वर केला. “नको, सूनबाई.” आवाजात राग नव्हता. “तू माझ्या भल्यासाठी केलंस, ते कळतं मला. माझे कान चाललेत अशी शंका मलाही होती. म्हणून तर तुला विचारत होतो. तुझे कान होते तोवर माझं भागत होतं. आता तू काही सांगितलंस तरी ते खरं कसं धरू?”

मला रडू आलं. मी माफी मागितली. “माफीचं काही नाही जी,” ते म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा आम्ही तिघांनी घेतला. पण त्यानंतर काकांनी मला गाण्यातलं काहीही, कधीही विचारलं नाही.

थंडीत ते रिटायर झाले आणि नागपूरला मुलाकडे जायचं ठरलं. अकराच्या अकरा रेकॉर्डी आणि मशीन त्यांनी जवळच्या मोठ नावाच्या गावी राहणाऱ्या एका जुन्या फिटरला देऊन टाकलं. मी आशेने बसले होते, हे लपवत नाही. मला एकही दिली नाही.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. काका खिडकीशी बसले होते, मी खाली, अगदी हाताच्या अंतरावर. चहावाला “बाबूजी, कप” म्हणाला तेव्हा त्यांनी वळून कप परत दिला. गाडी हलली. काकूंनी डोळे पुसत हात हलवला. मी “काका” म्हणून हाक मारली. चालत चालत पुन्हा मारली, मोठ्याने. ते समोरच्या बाकाकडे बघत राहिले.

घरी येताना हे म्हणाले, “त्यांना ऐकूच येत नाही, तू मनाला काय लावून घेतेस.” मीही ‘हो’ म्हटलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. काका नाहीत, काकूही नाहीत. त्यांना माझी हाक ऐकू आली नाही, असं मी अजून स्वतःला सांगते, आणि अजून मला ते खरं वाटत नाही.