आजींवरचा फिशपाँड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी दर थंडीत भारतातून इथे ओमानात, सीबला लेकाकडे येतात. ऐंशी उलटली, पण आपल्या कॉलेजचं गॅदरिंग काल झाल्यासारखं सांगतात. मार्च लागला की जिन्यात भेटेल त्याला बजावतात, "इतक्यात एसी लावायचा नाही हं." आणि अख्खी बिल्डिंग ऐकते.

यंदा आमच्या वसंत मेळाव्यात त्यांनी कॉलेजातल्या फिशपाँडची टूम काढली. चिमटा काढणारी ओळ निनावी चिठ्ठीवर लिहायची, ज्याच्यावर पडेल त्याने स्टेजवर जाऊन ती घ्यायची. मुलं आधी मासे शोधत होती. मग हॉल हसून लोळला. चिठ्ठ्यांचा डबा रिकामा झाला तेव्हा आजींनी विचारलं, "माझ्यावर एकही नाही?"

"आजी, तुमच्यावर कसा टाकणार?" कोणीतरी म्हणालं.

"का? मी काय भिंतीवरचा फोटो आहे?"

मी धीर करून उभा राहिलो. "यांनी परवानगी दिल्याशिवाय ओमानात उन्हाळा सुरू होत नाही."

आजी उठल्या. लेकाचा हात बाजूला सारून एकट्या पायऱ्या चढल्या आणि पदर खोचून माइकसमोर उभ्या राहिल्या. मला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

"दिली परवानगी," त्या म्हणाल्या. "लावा एसी."