कोचसमोर मी पोराला आळशी म्हटलं

माझ्या मुलाला चार तारे मिळालेत, हे मला शेजारच्या अमेरिकन बाईने सांगितलं. मी म्हटलं, तारे हॉटेलला असतात, पोराला कसले? तिने फोनच पुढे केला. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या देशभरातल्या शाळकरी पोरांना तारे देणारी एक वेबसाइट, तिच्यावर आमच्या चिरंजीवांचा हेल्मेट काखेत धरलेला फोटो, आणि खाली लिहिलेलं 'वाइड रिसीव्हर'. म्हणजे मैदानाच्या कडेने जिवाच्या आकांताने पळत सुटायचं आणि लांबून फेकलेला चेंडू, दोन धटिंगण अंगावर येत असताना, झेलायचा. चार तारे म्हणजे खूप झाले, म्हणाली ती. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मुलाला फक्त एवढंच विचारलं, की डिशवॉशर अजून रिकामा का केला नाहीस.

डब्लिनला, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनला, येऊन आम्हाला वीसेक वर्षं झाली. मी साताऱ्याची, नवरा नागपूरचा, दोघंही आयटीत. मंडळाच्या गणपतीत एक काका पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, छान छान, पण पुढे काय करणार? तोवर सात कॉलेजांनी त्याला खेळासाठी पूर्ण स्कॉलरशिप देऊ केली होती. माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण मी हसून म्हटलं, काय करणार काका, अभ्यासात लक्ष कुठंय त्याचं. खरं तर अभ्यासात त्याचं उत्तम लक्ष होतं.

आमच्याकडे हे असंच बोलतात. आपल्या पोराचं कौतुक आपल्या तोंडाने करायचं नाही. एक तर दृष्ट लागते, आणि दुसरं म्हणजे पोरगं शेफारतं. पाहुण्याने म्हणायचं, काय गुणी मुलगा आहे हो तुमचा. आपण म्हणायचं, कसला गुणी, एक नंबरचा आळशी. मग पाहुण्याने म्हणायचं, काहीतरीच काय वहिनी. झालं कौतुक. दोघांनी मिळून केलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

सातांपैकी एकच कॉलेज त्याला मनापासून हवं होतं. आमच्यापासून सहा तासांवरचं. नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांचे सामने तो टीव्हीला नाक लावून बघायचा, चेंडू झेलणारा कसा पळतो ते थांबवून थांबवून. कॉलेजं विचारणा पुष्कळांना करून ठेवतात, पण त्या वर्षी तिथे रिसीव्हरच्या दोनच जागा होत्या. एक भरली होती. दुसऱ्या जागेसाठी आमचा होता आणि टेक्सासचा एक होता, आणि ठरवण्याआधी तिथला मुख्य कोच दोघांच्याही घरी जाणार होता. मुलगा आठवडाभर धड जेवला नाही.

कोच रविवारी दुपारी आला. दाराएवढा माणूस. न सांगता बूट बाहेर काढले, तिथेच मला तो आवडला. मी बटाटेवडे केले होते, त्याने सात खाल्ले आणि हिरव्या चटणीने घाम फुटला तरी थांबला नाही. नवऱ्याने इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाबद्दल त्याला तासभर पिळून काढलं. सगळं छान चाललं होतं. मग कोचने खिशातून छोटी वही काढली, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मॅम, मैदानावर मी त्याला पाहिलंय, फारच गुणी मुलगा आहे. पण घरी कसा आहे?

आणि माझी जीभ सवयीने सुटली. म्हटलं, कसला गुणी, आळशी आहे हो. दहादा सांगावं तेव्हा एक काम होतं. बर्फ काढायला सांगितलं तर अर्ध्या ड्राइव्हवेचाच काढतो. तबला शिकत होता, तोही अर्धवट सोडला. नवऱ्याने मान डोलावून भर घातली, की फार काही अपेक्षा ठेवू नका, ठीकठाक आहे आपला.

मग मी थांबले. आता त्याची पाळी होती. 'काहीतरीच काय' म्हणायची. तो म्हणालाच नाही. त्याने ते सगळं वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर फोन बंद झाले. रोज मेसेज करणारे कॉलेजचे लोक गप्प. पोरांनी कॉलेजांच्या करारावर सह्या करायचा दिवस बारा दिवसांवर आला, मग आठ. शाळेच्या कोचने मला बोलावून घेतलं आणि जरा चाचरतच विचारलं, त्या दिवशी घरी नेमकं काय बोलणं झालं? मी सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, तो माणूस वेबसाइटवरच्या ताऱ्यांवर विश्वास ठेवत नाही, आयांवर ठेवतो. आई पोराला नावं ठेवते म्हणजे ते खरंच असणार, असं त्याचं गणित. अर्धवट सोडणारा मुलगा त्याला चालत नाही.

कारमध्ये बसून मी आधी त्या कोचला शिव्या घातल्या, चांगल्या ठसठशीत सातारी. एवढी वर्षं पोरं पारखतो म्हणे, आणि आईचं बोलणं कळत नाही याला! सिग्नलवर शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला. घर जवळ आलं तसा राग ओसरला, आणि मग लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती. पोराने नऊ वर्षं जे मागितलं ते मी दोन मिनिटांत, वडे वाढता वाढता, घालवलं होतं.

त्याला सगळं कळलं होतं. आरडाओरडा नाही, दार आपटणं नाही. दोन दिवस शाळा, प्रॅक्टिस, जेवण, झोप. त्याने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्यांची कणीक मळत असताना तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे, ती आपली बोलायची पद्धत असते, तुला माहितीये ना? घरात तो मराठी समजतो आणि इंग्रजीत बोलतो. तसंच बोलला.

"मला माहितीये, आई. पण त्यांना नाही माहीत. आणि कधी कधी मलाही नाही."

एवढं बोलून तो जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला, बुटांच्या नाड्या बांधायला. मला कणकेचा हात धुवायचंही सुचेना.

नवरा म्हणाला, नीट विचार करून ईमेल लिहूया, मुद्दे काढूया. मी म्हटलं, चुलीत गेला तुझा ईमेल. शनिवार होता, मी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला, स्पीकरवर, कारण हात भरलेले. कोचने उचलला. मी माझं नाव सांगितलं, आणि म्हटलं, तुम्हाला मी त्या दिवशी खोटं सांगितलं.

मग मी सुरू झाले. माझं इंग्रजी रागावल्यावर जास्त चांगलं येतं. म्हटलं, तो बर्फ अर्धा काढतो, कारण त्याला कार काढायची नसते, पळायचं असतं. सामन्यात पळतो तसंच, सरळ दहा पावलं, मग काटकोनात आत. तेवढीच वाट साफ करतो आणि थंडीने बोटं लाल होईपर्यंत तिच्यावर पळतो. मी खिडकीतून ओरडते, की मला ऑफिसला कसं जायचं, पण मोजत असते. गेल्या जानेवारीत एकदा चाळीस वेळा पळाला. तबला सोडला, कारण क्लास आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आले. स्वतः गुरुजींच्या पाया पडून, परवानगी घेऊन सोडला. आम्हाला नंतर कळलं. गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू सुटला आणि शाळा हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हा गॅरेजच्या भिंतीवर टेनिसचा बॉल मारून एका हाताने झेलतोय, ज्या हातून सुटला त्याच हाताने. नाश्त्याला बोलवायला गेले आणि न बोलावताच परत आले.

मी बोलतच होते. म्हटलं, मनगटात जोर यावा म्हणून तो बादलीभर तांदळात मुठी खुपसून फिरवतो. माझ्या कोलमच्या डब्यात करत होता म्हणून मी जाम झापलं, की अन्नाशी खेळतोस. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तांदळाची वेगळी गोण आणून गॅरेजमध्ये ठेवली. त्याला वाटतं ती बाबांनी आणली. तो आळशी नाही. त्याच्याइतकं कष्टाळू आमच्या दोघांच्या घराण्यांत कुणी झालं नाही, मीसुद्धा नाही. त्याला घ्या किंवा घेऊ नका, पण माझ्या बोलण्यामुळे सोडू नका.

कोच म्हणाला, मी शाळेच्या गणिताच्या शिक्षिकेला विचारलं होतं, बसच्या ड्रायव्हरला विचारलं होतं, सगळे हेच म्हणाले होते. फक्त घरातून वेगळं ऐकलं, आणि घरातून वेगळं ऐकलं की मला झोप येत नाही, मॅम. आता येईल. जागा अजून मोकळी आहे, ती त्याचीच, त्याला सांगा पेन तयार ठेव.

त्याला सांगायची गरज नव्हती. एक बूट घातलेला, एक हातात, तो पायरीवर तसाच बसला होता. नवरा आनंदाने काहीतरी बडबडत बाहेर गेला, बहुतेक नागपूरला फोन करायला. मी कणकेच्या हातानेच डोळे पुसले आणि आणखी घाण करून घेतली. मला वाटलं, आता हा उडी मारेल, मिठी मारेल. त्याने फक्त विचारलं, "हे सगळं तू कधी बघितलंस?"

"रोज," मी म्हटलं.